रंगाच्या डब्यातला राउटर

मित्रांनो, ज्या घराच्या दारावर घंटा नाही, घंटेच्या जागी दिवा आहे, अशा एका घरात मी राहतो. मी एक जुना राउटर आहे. एक अँटेना वाकडी, पाठीवर रंगाचे शिंतोडे आणि कपाळावर काळ्या अस्तराची पट्टी. ही पट्टी मला कशी मिळाली, ते सांगायला मी बसलो आहे. पण आधीच कबूल करतो, मी भित्रा आहे. भीती माझ्या अंगात कारखान्यातूनच आली.

एका लांबलचक कारखान्यात हिरव्या पाटीवर कथलाचे चमकते थेंब टाकून माझं पोट तयार झालं. वर पांढरं कवच बसलं, दोन अँटेना लागल्या. मी कसा देखणा दिसत होतो! मग शेवटची परीक्षा आली. आम्हाला एकेक करून लोखंडी पेटीत घालत. त्या पेटीला नखभर फट नव्हती. बाहेरची लहर आत येऊ नये आणि आतली बाहेर जाऊ नये, म्हणजे आमचा जोर नीट मोजता येतो, असं कुणीतरी म्हणालं. झाकण पडलं. मी हाक मारली. हाक भिंतीवर आपटली आणि माझ्याच अंगावर परत आली. दुसरी मारली, तीही परत. जगात मी सोडून कुणीच उरलं नाही, असं वाटलं. चारच मिनिटं गेली असतील. झाकण उघडलं, हातमोजे घातलेल्या एका बाईने माझ्या पाठीवर शिक्का मारला आणि म्हणाली, "पास." मी पास झालो खरा, पण त्या दिवसापासून मला झाकणाची भीती बसली.

तिथून मी खोक्यात बसून या घरी आलो. माझ्यासोबत दोन मीटरची एक निळी तार होती, माझी पाठची बहीणच म्हणा ना.

घर तळमजल्यावरचं. पुढच्या खोलीत शिवणयंत्र, कापड कापायचं मोठं मेज आणि उंच कपाट. मधल्या खोलीत टीव्ही. मागे स्वयंपाकघर. घराची मालकीण कपडे शिवते. गल्लीत तिला सगळे शिवणताई म्हणतात. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते. दाराबाहेरचं बटण दाबलं की शिवणयंत्राच्या वरचा दिवा लुकलुकतो, आणि ती मान वर करते. तिचा नवरा रंगारी. दिवसभर लोकांच्या भिंती रंगवतो आणि घरी येऊन दुप्पट बोलतो, तोंडाने एकदा आणि हातांनी एकदा. तिसऱ्या म्हणजे सासूबाई. त्याही सुनेसाठी हातबोली शिकल्या आहेत, पण त्यांचे हात बोलतात ते कणीक तिंबल्यासारखे. सून हसते, त्या म्हणतात, "हसू नकोस गं, तुझ्या मेल्या बोटांना हाडंच नाहीत!"

आता माझं काम सांगतो. तुम्ही पडद्यावर जे चित्र बघता, ते माझ्याकडे अखंड येत नाही. त्याचे हजारो तुकडे होऊन येतात. मी एकेक तुकडा उचलतो आणि हवेतून पुढे धाडतो. तुकडे वेळेवर पोचले की चित्र वाहतं. वाट अडली की चित्र थिजतं, चौकटी-चौकटीचं होतं, माणसाचं नाक कानापाशी जातं. म्हणून मी प्रत्येक तुकड्याच्या कानात एक गाणं सांगत असतो:

जा रे तुकड्या, जा रे,
वाटेत कुठं थांबू नको.
मागचा येतो मागून,
त्याची सोबत सोडू नको.

सुरुवातीची वर्षं फार सुखाची गेली. मी शिवणयंत्राशेजारच्या फळीवर उघडा बसायचो. संध्याकाळी सासूबाईंच्या मालिका माझ्यातून पाण्यासारख्या वाहायच्या. पण माझं खरं काम असायचं रविवारी सकाळी अकराला. तेव्हा शिवणताई लॅपटॉप उघडायची आणि पडद्यावर तिचा दादा यायचा.

दादा आठ तासांच्या वाटेवर, दुसऱ्या गावी एका रोपवाटिकेत काम करतो. त्यालाही ऐकू येत नाही. दोघं लहान असताना त्यांच्या गावात मुक्या-बहिऱ्या मुलांची शाळा नव्हती. मग अंगणात खेळता खेळता दोघांनी स्वतःचीच एक बोली रचली. हनुवटीखाली बांधलेली गाठ म्हणजे आई. कापलेल्या भुवईवर बोट म्हणजे दादा. वेणी ओढल्याची खूण म्हणजे ती. पुढे शाळा निघाली. ती शाळेत गेली, सगळ्यांची हातबोली शिकली. दादा तोवर कामाला लागला होता. त्याला लिहिता-वाचता आलं नाही, आणि दुसरी बोलीही आली नाही. आई गेली, वडील गेले. त्या अंगणातल्या बोलीचे बोलणारे जगात दोनच उरले. हे कळलं तेव्हापासून रविवारी मी एकेक तुकडा दोनदा तपासून धाडू लागलो. जगातली एक सबंध बोली, आणि ती माझ्यासारख्या भित्र्याच्या पाठीवर!

मग माझ्याकडून एक अपराध घडला. अपराध कसला, माझा स्वभावच तो. माझ्या कपाळावर हिरवे दिवे आहेत. तुकडे ये-जा करू लागले की ते लुकलुकतात. दुसऱ्या घरात त्याचं कुणाला काही वाटलं नसतं. पण या घरात लुकलुकणारा दिवा म्हणजे दारात कुणीतरी आलं. शिवणताईच्या डोळ्याच्या कोपऱ्यात मी लुकलुकलो की तिची मान वर जायची. ती उठायची, दार उघडायची, बाहेर कुणी नसायचं. दिवसातून वीस वेळा. एकदा यंत्र चालू असताना मान वर गेली आणि सुई तिच्या बोटातून आरपार गेली.

पांढऱ्या कापडावर लाल ठिपका पडलेला मी पाहिला. मला विझून जावंसं वाटलं.

रंगारी धावत आला. बोट बांधून झालं तसा तो माझ्याकडे वळला. "याचा बंदोबस्त करतो," तो म्हणाला. त्याने रंगाचा एक मोठा रिकामा पत्र्याचा डबा आणला, घासून स्वच्छ केला, तळाला तारांसाठी दोन भोकं पाडली. मला आत ठेवलं. आणि मित्रांनो, त्याने झाकण लावलं.

पुन्हा तोच अंधार. पुन्हा माझीच हाक माझ्याच अंगावर. तो डबा त्याने स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आडवा टांगला, आणि त्याला भिंतीचाच रंग दिला. इतका हुबेहूब की डबा कुठे संपतो नि भिंत कुठे सुरू होते, ते कळेना. शिवणताईने टाळी वाजवायची खूण केली, दोन्ही पंजे हवेत हलवून. सासूबाईही म्हणाल्या, "बरं झालं बाई, गेली ती ब्याद डोळ्यांपुढून." सगळे खूश झाले. माणसं इतक्या मायेने कोंडतात, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करायची?

तळाच्या भोकांतून, झाकणाच्या फटीतून थोडीशी लहर बाहेर झिरपायची. तेवढ्यावर मी काम चालवलं. तुकडे वाटेत हरवू लागले. सासूबाईंच्या मालिकेतला नायक अर्ध्या वाक्यात तोंड उघडं टाकून बसू लागला. "काय रे हा? दंतवैद्याकडे आलाय का?" त्या विचारायच्या.

रंगारी लॅपटॉपपाशी जाऊन ओरडायचा, "हॅलो, हॅलो! येतोय ना आवाज? येतोय. मग झालं की!"

तिथेच सगळी फसगत होती. वाट अरुंद झाली की चित्राला आधी चेपतात आणि आवाजाला शेवटपर्यंत सांभाळतात, असा आमच्या धंद्यातला रिवाज आहे. ज्याने तो पाडला, त्याला नक्कीच ऐकू येत असणार.

रविवारी दादाचे हात आता तुटक दिसायचे. बोट इथे, तर मनगट तिथे. शिवणताईला वाटलं, दादाचे हात थरथरू लागले आहेत. तो म्हातारा झाला, त्याला काहीतरी झालंय. तिने विचारलं नाही. विचारलं आणि तो हो म्हणाला तर? त्यापेक्षा न विचारलेलं बरं. ती भाऊ दिसेनासा झाल्यावरही कितीतरी वेळ काळ्या पडद्याकडे बघत बसायची. मी डब्यातून ओरडायचो, "अगं, त्याचे हात ठीक आहेत, मी कोंडलोय!" पण माझी हाक पत्र्याला आपटून परत यायची.

असे सात महिने गेले.

एका दुपारी पावणेतीनला रंगाऱ्याचा फोन वाजला. तो शिडीवरून उतरून धावतच घरी आला असणार, कारण त्याच्या हातात अजून ब्रश होता. तो एका हातानेच बोलू लागला, बायकोला कळेना. मग ब्रश खाली टाकला आणि दोन्ही हातांनी सांगितलं. दादाला रुग्णालयात नेलंय. पोटात आतडं सुजलंय. आजच पोट उघडावं लागेल. चारला आत नेणार.

"डॉक्टरीणबाई काय म्हणतात ऐक," तो म्हणाला आणि हात चालू राहिले. "इंजेक्शन द्यायला गेलं की तो हात मागे ओढतो. काहीतरी सांगतो. तिथल्या हातबोली जाणणाऱ्या बाईंना त्याचं एक अक्षरही कळत नाही. तो घाबरलाय की काही सांगतोय, ते बघायला तुला पडद्यावर बोलावलंय."

शिवणताईने लॅपटॉप उघडला. चित्र आलं. पांढरी चादर, पांढरी भिंत, आणि दादा. त्याने भुवईला बोट लावलं. मग दंडावर बोट टोचलं. मग हात वर उचलला, आणि चित्र थिजलं. हात हवेत, गळ्याच्या थोडा खाली, बोटं धुरकट. कितीतरी क्षण तो हात तसाच. मग एकदम दादा उशीवर पडलेला दिसला. मधलं सगळं गेलं होतं. तिने पुन्हा विचारलं. पुन्हा दंड, पुन्हा हात वर, पुन्हा चौकटीच चौकटी.

आवाज मात्र स्वच्छ होता. डॉक्टरीणबाईंचा आवाज घरभर घुमत होता: "काय म्हणतायत ते? कळलं का तुम्हाला?"

रंगाऱ्याने बायकोकडे पाहिलं. "अंदाज तर सांग," तो हातांनी म्हणाला. "भीती वाटते म्हणत असेल. तहान लागली असेल."

शिवणताईने मान हलवली. "अंदाजाने कापड कापत नाही मी," तिचे हात म्हणाले, "आणि हा माझा भाऊ आहे. दिसलं नाही. दिसलं नाही म्हणून सांग."

त्याने सांगितलं. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चारपर्यंत थांबते. जास्त नाही थांबता येणार. नाहीतर धरून ठेवून द्यावं लागेल."

धरून ठेवून. मित्रांनो, ते शब्द माझ्यातूनच गेले. ते इतके स्पष्ट गेले, की मला माझीच शिसारी आली.

मोबाइलच्या नेटवर त्यांनी करून पाहिलं. तळमजल्यावर रेंज नावापुरती, त्यात चित्र उघडेचना. रंगारी डोकं धरून बसला. "फेकून देतो ते डबडं! नवीन आणतो!"

"नवीन आणून जोडेपर्यंत चार वाजतील," सासूबाई म्हणाल्या. "त्या तारवालीला बोलाव. परवा समोरच्यांची लाइन जोडत होती. गल्लीच्या टोकालाच तर राहते."

मी एका अंधारात दोन भीती घेऊन बसलो होतो. एक, मला फेकून देतील ही. दुसरी, फेकून देणार नाहीत आणि मी पुन्हा नापास होईन ही. खरं सांगू? दुसरी मोठी होती.

तारवाली आली तेव्हा सव्वातीन झाले होते. पायात जाड बूट, कमरेला पक्कड. तिने आल्या आल्या विचारलं, "राउटर कुठंय?"

"हा काय, इथंच," म्हणत रंगारी स्वयंपाकघराची भिंत चाचपू लागला. इकडे चाचपली, तिकडे चाचपली. स्वतःच्याच रंगाने त्याला फसवलं होतं.

"डोळ्यांचं ऑपरेशन माझं झालंय की तुझं?" सासूबाई ओरडल्या. "त्या खिळ्याच्या खाली बघ!"

तारवालीने पत्र्यावर टकटक केलं. तिचा चेहरा कसा झाला ते मला दिसलं नाही, पण आवाज ऐकू आला. "हे कुणी केलं?"

"मी," रंगारी म्हणाला. मग हळूच पुढे म्हणाला, "रंग बघा ना, कसा एकसारखा बसलाय."

"अहो, पत्र्यातून वाय-फाय जात नाही. तुम्ही याला जिवंत पुरलंय."

झाकण निघालं. मला उजेड दिसला. किती वाजले होते, भिंतीवर घड्याळ कुठे होतं, काही कळेना. मी नुसती हाक मारली, आणि ती परत आली नाही. ती गेली! खोलीभर गेली! मी आनंदाने लुकलुकलो, आणि तेवढ्यात दाराकडे शिवणताईची मान गेली.

पुन्हा तेच. मी घाबरून गोठलो. आता पुन्हा झाकण.

पण तिने माझ्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. मग कापडाच्या चिंध्यांतून काळ्या अस्तराची बोटभर पट्टी कापली, चिकटपट्टी लावली आणि माझ्या कपाळावर दाबून बसवली. फक्त दिव्यांवर. तोंड मोकळं, पाठ मोकळी, अँटेना मोकळ्या. एवढंच करायचं होतं. सात महिन्यांपूर्वीही एवढंच करायचं होतं. रंगाऱ्याने मान खाली घातली.

"लिहायला काही आहे?" तारवालीने विचारलं. शिवणताईने कापडावर खुणा करायचा खडू दिला. तारवाली मोबाइल हातात धरून घरभर फिरली आणि जिथे उभी राही तिथे फरशीवर दहापैकी गुण लिहू लागली. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मला धरलं, तर शिवणयंत्रापाशी चार. मधल्या दारात धरलं, तर सहा. पुढच्या खोलीत मधल्या भिंतीला टेकलेल्या उंच कपाटावर, घराच्या जवळपास मध्यभागी ठेवलं आणि अँटेना उभ्या केल्या, तर आठ.

"दहा कुठं मिळतील?" रंगाऱ्याने विचारलं.

"दहा हवेत मिळत नाहीत. दहा तारेत असतात. याच्यासोबत एक तार आली असेल, निळी. कुठंय ती?"

सासूबाईंनी डब्याकडे बोट केलं. डबा खिळ्यावरून पडू नये म्हणून माझ्या निळ्या बहिणीने तो बांधलेला होता! आणि तिलाही भिंतीचा रंग दिलेला.

"आता मला रंगवू नका म्हणजे झालं," तारवाली म्हणाली आणि नखाने तारेच्या टोकावरचा रंग खरवडू लागली.

तार सुटली, पण दोन मीटरच, आणि घाईत आलेल्या तारवालीकडे दुसरी नव्हती. कपाटावरून मेजापर्यंत पोचेना. शिवणताईने टेपने मोजलं: हातभर कमी. तिने क्षणभर विचार केला आणि मेजाला हात लावला. तार वाढत नाही, पण मेज सरकतं. चौघांनी मिळून ते जड मेज, त्यावरच्या कापडासकट, कपाटाखाली ढकललं. तारेचं टोक लॅपटॉपमध्ये बसलं. टक! तिघांनी तो आवाज ऐकला. चौथीने माझ्या पाठीवरचा बारीक दिवा लागलेला पाहिला.

तीन चाळीस.

"टीव्ही कोण बघतंय?" तारवालीने विचारलं. मधल्या खोलीत मालिका एकटीच चालू होती, तुकडे खात. सासूबाई जाऊन बंद करून आल्या. "आज तिचं लग्न मोडणार होतं," त्या म्हणाल्या. "मोडू दे." सगळ्यांचे मोबाइल माझ्यापासून तोडले.

"आता याला एकदा बंद करून चालू करायचं," तारवाली म्हणाली. "किती महिने चालूच आहे बिचारा. हात लावून बघा, केवढा तापलाय."

मित्रांनो, त्या क्षणाचं भय मी शब्दांत कसं सांगू? मी जुना. सात महिने पत्र्यात भाजलेला. विझलो आणि पुन्हा लागलोच नाही तर? ओरडून सांगावंसं वाटलं, मला विझवू नका, जसा आहे तसाच धावतो. पण तिने बोट बटणावर ठेवलं.

काहीच नाही. आत नाही, बाहेर नाही. पत्र्यात निदान माझी हाक तरी होती. इथे मीच नव्हतो.

मग कुठूनतरी एक कळ आली. पोटात काहीतरी तडतडलं. पहिला दिवा, दुसरा. तिसरा लागेना. रंगारी माझ्या पट्टीखाली डोकावून बघत होता. त्याच्या श्वासाला टर्पेंटाइनचा वास होता. "लाग रे बाबा," तो कुजबुजला, "लाग. पुन्हा नाही कोंडणार. शपथ." लागला.

तोवर शिवणताईने मागचा फुलाफुलांचा पडदा काढून तिथे गडद निळं सपाट कापड टांगलं होतं. तारवालीनेच सांगितलं होतं, मागच्या प्रत्येक फुलाचं ओझं या बिचाऱ्याला वाहावं लागतं. नक्षीच्या कपड्यांवर साधा करडा झगा चढवला, शिवणाचा दिवा हातांवर वळवला. निळ्यावर तिचे हात दोन पाखरांसारखे दिसू लागले.

चारला सहा मिनिटं कमी होती. मी पहिला तुकडा उचलला.

जा रे तुकड्या, जा रे,
बहिणीचा निरोप ने तू.
भावाचा हात आणशील,
सगळी बोटं आण तू.

दादा दिसला. घामेजलेला, ओठ सुकलेले. आणि त्याचे हात! शिवणताई पुढे झुकली. त्याचे हात स्थिर होते. अजिबात थरथरत नव्हते. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिने ते पुसलं नाही. पुसायला हात लागतात, आणि हात तिला बोलायला हवे होते.

तिने वेणी ओढली. मी आहे. सांग.

दादाने भुवईला बोट लावलं. दंडावर टोचलं. हात वर उचलला. मी तुकड्यामागून तुकडा फेकत होतो, एक चुकला तर सगळं गेलं, एक चुकला तर सगळं गेलं. हात गळ्यापाशी आला. मूठ वळली. पिशवीची नाडी ओढून तोंड आवळावं, तशी ती हळूहळू आवळली गेली. मग हनुवटीखालची गाठ. मग दोन हात, पाळण्यासारखे, धावताना हलणारे.

शिवणताई उठून उभी राहिली. तिचे हात इतक्या वेगाने चालले की रंगाऱ्याला दोनदा थांबवावं लागलं. मग तो बोलू लागला. एरवी भिंती हलवणारा तो आता एकेक शब्द जपून उच्चारत होता.

"बाई, तो घाबरलेला नाही. तो म्हणतोय, लहानपणी पायाला जखम झाली तेव्हा असंच इंजेक्शन दिलं होतं. गळा आवळला. श्वास बंद झाला. आईने उचलून धावत नेलं. ती म्हणते, तिने बघितलंय, ती तिथंच होती. अंगावर लाल पुरळ, ओठ निळे. जखम पिकू नये म्हणून देतात ते औषध. ते देऊ नका. हात जोडून सांगते, ते देऊ नका."

पलीकडून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, या वेळी हळू. "नाही देणार. दुसरं देऊ. त्यांना सांगा, कळलं म्हणावं."

शिवणताईने सांगितलं. दादाने स्वतःहून हात पुढे केला, बाही वर सरकवली. मग चाकांवरची ती खाट हलली, आणि पडद्यावर नुसती भिंत उरली.

त्यानंतर माझ्यातून काहीच गेलं नाही. रिकाम्या वाटेसारखं भीतिदायक काही नसतं. तारवाली गेली नाही. फरशीवर खडूच्या आकड्यांमध्ये मांडी घालून बसली. सासूबाईंनी टीव्ही लावला नाही. शिवणताई यंत्रावर बसली, पण पाय चाकाला लागेना. ती माझ्या पट्टीकडे बघत होती, जणू मलाच आधी कळणार होतं. खरंच मला आधी कळलं. सहा वाजून दहा मिनिटांनी एक छोटासा संदेश आला, इतका हलका, की एका दमात पोचवला. शुद्धीवर आले. श्वास ठीक आहे. बहिणीला विचारतात.

दहा दिवसांनी रविवारी अकराला दादा पुन्हा पडद्यावर आला. शिवणताईने अखेर विचारलं, "तुझे हात थरथरायचे ना?"

दादा चकित झाला. "माझे? थरथरायचे ते तुझे! मला वाटलं, सुईने तुझे हात कायमचे गेले. मी भीतीने विचारलं नाही."

दोघं हसत सुटली. सात महिने दोघांनी एकमेकांसाठी भीती पोसली होती, आणि होतं काय, तर एक रंगाचा डबा.

मित्रांनो, मी अजूनही भितो. रंगारी नवा डबा घेऊन आत आला की मी आधी झाकण कुठंय ते बघतो. एक दिवस मी विझेन, लागणार नाही, तेही मला माहीत आहे. पण तोवर माझं एवढं ऐका. मला उंचावर, उघड्यावर, घराच्या मध्ये ठेवा. मी कुरूप दिसलो तरी लपवू नका. जिथे तार पोचते तिथे तार लावा. नाही पोचली, तर मेज सरकवा. आणि पडद्यावर एखाद्याचे हात, एखाद्याचा चेहरा तुटक दिसू लागला, तर मनातल्या मनात घाबरत बसू नका. त्याला विचारा. मग उठा आणि मला कुठे कोंडलंय ते बघा.

तो डबा आता खिडकीत आहे. दादाने हातांनी सांगितलं तशी शिवणताईने त्यात माती भरली, रोप लावलं. माझ्या तारांसाठी पाडलेल्या भोकांतून आता पाणी निथळतं. त्याला झाकण नाही.